आता आम्ही कुठल्या खिडकीवर जायचं?

मी जिन्सीची फाईल. कोट्टयममधल्या मुलांच्या एका दवाखान्यात माझा जन्म झाला, तिच्यानंतर चार दिवसांनी. पहिल्या पानावर 'डाऊन सिंड्रोम' लिहिलं, दुसऱ्यावर 'हृदयाला छिद्र', आणि पुढं मी फुगतच गेले. ऑपरेशन झालं, कान तपासले, दरवर्षी थायरॉइडसाठी रक्त. कुरियन डॉक्टर मला फारसं उघडायचेही नाहीत, सगळं त्यांना पाठ होतं. ते जिन्सीलाच विचारायचे, "काय गं, आज कुणाशी भांडलीस?"

ती अठरा वर्षांची झाली तेव्हा ते तिच्या आईला म्हणाले, "लिस्सी, यापुढं इथं नाही. मोठ्यांच्या दवाखान्यात जा."

"कुणाकडे, डॉक्टर?"

त्यांनी मला मिटून तिच्या हातात दिलं. "हृदयाला हृदयवाले, कानाला कानवाले. सगळं एकत्र बघणारं कुणी... विचारून पाहा."

जिन्सी रडवेली झाली. "मी काय केलं? सुई टोचताना मी ओरडले पण नाही."

काय सांगणार तिला? मलाच कळत नव्हतं.

मोठ्यांच्या दवाखान्याच्या खिडकीवरून मला परत ढकललं. "ही लहान मुलांची. इथं नवी काढावी लागेल." नवी दोन पानांची निघाली. मी पिशवीच्या तळाशी गेले, मग घरी कपाटावर. मी जिवंत आहे की संपले, तेही समजेना.

दीड वर्ष गेलं. बेकरीत केकची खोकी जुळवणारी, गिऱ्हाइकांना नावानं हाक मारणारी जिन्सी गप्प झाली. दिवसभर झोपायची. खोकी उलटी जुळवायची. नवे डॉक्टर म्हणाले, "या मुलांचं वय वाढलं की असंच होतं."

लिस्सीला ते पटेना. एका दुपारी तिनं मला खाली काढलं आणि जेवणाच्या टेबलावर एकेक पान उलटलं. रक्ततपासणी, दरवर्षी. अठराव्या वर्षानंतर काहीच नाही. तिचं बोट तिथंच थांबलं.

दुसऱ्या दिवशी तिनं मला डॉक्टरांसमोर ठेवलं. "आधी हे वाचा. थायरॉइड कधी तपासलंत?"

ते वाचत राहिले. मग हळूच म्हणाले, "हे मला कुणी दिलंच नाही."

"ही फाईल मी पहिल्याच दिवशी आणली होती. तुमच्या खिडकीनं परत केली."

चूक नक्की कुणाची, मला अजून ठरवता येत नाही. रक्त तपासलं, थायरॉइड फारच मंदावलं होतं; ती झोप, ते गप्प होणं त्यामुळंच. गोळी सुरू झाली.

अडीच महिन्यांनी डॉक्टरांनी लिस्सीला विचारलं, "आता कशी आहे ही?"

जिन्सीनं मला ओढून मांडीवर घेतलं. "मला विचारा. फाईल माझी आहे. आईला विचारू नका, ती घाबरते."

डॉक्टरांनी खुर्ची तिच्याकडे वळवली. "बरं. सांग, कशी आहेस?"

"बरी. खोकी सरळ जुळतात. बेकरीवाल्या दादांशी भांडले पण."

आता त्या दोन पानांच्या फाईलसोबत मला एकाच रबरानं बांधलंय. त्या फाईलचं माझं अजून जमत नाही. मंगळवारी हृदयवाल्यांकडे जायचंय. इमारत कुठली, मजला कुठला, तीन जणांनी तीन उत्तरं दिली. तुम्हाला ठाऊक असेल तर सांगा. आणि सांगताना लिस्सीकडे नका बघू, जिन्सीकडे बघून सांगा.