जोडणाऱ्याने खाली निजायचं

जावयाला त्या दुपारी फक्त पाठ टेकायची होती. बदल्यात सासऱ्याची खुर्ची, चार शेड, दोनशे कामगार आणि थोरल्या मेहुण्याचं पडलेलं तोंड मिळणार होतं. खरं तर नुसत्या तोंडासाठीही तो निजला असता.

कारखान्याचा नियमच होता. नव्या ट्रेलरचा आस ज्याने जोडला, त्याने माल भरलेल्या ट्रेलरखाली निजायचं, मालक म्हातारा कपभर चहा संपवेपर्यंत. हा नियम म्हाताऱ्याला सुचलेला नव्हता, तो त्याच्यावर लादला गेला होता. तरुणपणी तो भाड्याच्या पत्र्याखाली हातगाड्या ठोकायचा. पहिला ट्रेलर केला तो उतारावर आसातून निखळला आणि ड्रायव्हर चिरडून मेला. ड्रायव्हरच्या भावांनी याला केस धरून फरफटत आणलं, पुढचे चार दात पाडले, त्याच्याच दुसऱ्या ट्रेलरखाली आडवा केला आणि वर लोखंड रचलं. ट्रेलर टिकला. भाऊ हात चोळत गेले आणि बघ्यांपैकी दोघांनी तिथल्या तिथे ट्रेलर मागितले. अशी जाहिरात कुणाला मिळते? ट्रेलरमागून ट्रकच्या बॉड्या आल्या, मग बस.

आता म्हातारा थकला होता.

"बाबा, खुर्ची माझी. मी तुमच्या रक्ताचा," थोरला म्हणाला.

"दादासाहेब, रक्ताने बस धावत नाही," जावई म्हणाला. "चाळीस टनी ट्रेलर मी केलाय."

थोरल्याने पाना भिरकावला, जावयाचा कान फाटला. जावयाने त्याचा हात पकडून फिरत्या ग्राइंडरवर दाबला, दोन बोटांची टोकं गेली. म्हाताऱ्याने दोघांवर पाण्याचा पाइप सोडला.

"भांडता काय कुत्र्यांसारखे! उद्या जोडणारा खाली निजेल. ट्रेलर टिकला तर खुर्ची जोडणाऱ्याची."

अडचण एवढीच, की आस जावयाने जोडला नव्हता. तीन दिवस वेल्डिंग त्याच्या बायकोने, म्हणजे म्हाताऱ्याच्या लेकीने केलं होतं. हा बाजूला नकाशा धरून उभा होता.

"मग मीच निजते," दुसऱ्या दिवशी दुपारी ती म्हणाली.

"शहाणीच आहेस! तू निजलीस तर खुर्ची तुला मिळेल."

"मिळू दे की!"

"आणि मला काय मिळेल?"

तिने उत्तर द्यायच्या आत त्याने तिच्या थोबाडीत मारली, हत्यारांच्या खोलीत ढकलून बाहेरून कडी घातली आणि निश्चिंत मनाने ट्रेलरखाली जाऊन निजला. बायकोवर एवढा विश्वास त्याने लग्नातही दाखवला नव्हता.

जॅक काढले. लोखंडाच्या प्लेटा करकरल्या, आस हलला नाही. म्हाताऱ्याने पहिला घोट घेतला. अर्धा कप झाला तरी ट्रेलर जागचा ढळेना, तसा थोरल्याचा धीर सुटला. त्याने क्रेनवाल्याला लाथ घालून खाली पाडलं, त्याचे दात फरशीवर उडाले. "दाजी, अजून एक घ्या!" असं ओरडत त्याने प्लेटांचा आणखी एक गठ्ठा उचलला.

तेवढ्यात खोलीचं दार फोडून लेक घण घेऊन आली.

"दादा, ठेव खाली!"

"तू आपली रंग दे जा."

तिने घण त्याच्या गुडघ्यावर घातला. तो कोसळला, कोसळताना क्रेनची कळ दाबली गेली आणि गठ्ठा ट्रेलरच्या कडेवर आदळला. एका बाजूचे सगळे टायर फुटले. सांगाडा कलंडून जावयाच्या मांड्यांवर बसला. हाडं मोडल्याचा आवाज शेडच्या दुसऱ्या टोकाला ऐकू गेला.

ट्रेलर उचलला. म्हातारा जावयाला ओलांडून वाकला आणि जोडावरून अंगठा फिरवला. तडा नव्हता.

"कुणाचा हात आहे हा?"

"माझा! माझाच!" जावई किंचाळला.

"तुझा असता तर तू खाली निजला नसतास," म्हातारा म्हणाला आणि लेकीचे ठिणग्यांनी भाजलेले हात बघून तिच्याकडे वळला. "उद्यापासून खुर्चीवर तू बस."

आता हिशेब. थोरल्याची गुडघ्याची वाटी आणि दोन बोटांची टोकं. जावयाचा कान आणि दोन्ही पाय. क्रेनवाल्याचे दात, ज्याला यातलं काहीच नको होतं. लेकीचं काही गेलं नाही, असं लोक म्हणतात. पण थोरला आणि जावई, दोघेही तिच्याच घरात पडून आहेत, आणि दोघांना भरवायला रोज तिलाच उठावं लागतं.