ठिपक्यावरून भांडण

त्या म्हाताऱ्या जोडताऱ्याभोवती धुळीची चकती असणार, हे दोघांनी लग्नाआधीच ताडलं होतं. पण ती इतकी दूर, की एकट्या दुर्बिणीला दिसेल कशी! चार दुर्बिणींचा प्रकाश एकत्र जुळवून तिचं चित्र काढायचं ठरलं. मधल्या काळात लग्न झालं, संसार झाला, मोडलाही. तो दुसऱ्या शहरातल्या संस्थेत गेला. चित्राचं काम तेवढं सामाईक उरलं.

एका दुपारी ते तिच्या पडद्यावर उमटलं. केशरी कडं, एका अंगाला जास्त उजळ, आणि आतल्या काठाशी इवलासा ठिपका. तिने लगेच त्याला व्हिडिओ कॉल लावला.

"पंडित, बघ! ग्रह जन्माला येतोय तिथे."

"बाई, जरा दमानं. तो ठिपका खोटा आहे. जुळवणीतली खोट."

"माझं कधी काही खरं वाटलंय तुला?"

"आधी काहीतरी खा. उपाशीपोटी तू जास्तच भांडतेस."

तिला खुदकन हसू आलं. मग दोघं पूर्वीसारखे हमरीतुमरीवर आले. एवढ्यात त्याच्या मागून तान्ह्या बाळाचं रडणं ऐकू आलं.

"कधी झालं?" तिने विचारलं.

"मागच्या महिन्यात. मुलगी. सांगणार होतो, पण..."

"जा, घे तिला. मानेखाली हात धर."

त्या दोघांचं बाळ तेव्हा जेमतेम आठवडाभर जगलं होतं. त्यानंतर दोघं एकमेकांशी इतकं जपून बोलू लागले, की भांडणंच थांबली. आणि मग बोलणंही.

कॉल बंद करून तिने एकेका दुर्बिणीची मोजमापं वगळून चित्र पुन्हा बांधलं. तिसरी दुर्बीण वगळली आणि ठिपका गेला. कडं तसंच राहिलं. दाराला आतून कडी घालून ती हमसून हमसून रडली. मग तोंड धुऊन तिने त्याला कळवलं, "तुझंच बरोबर. ठिपका काढतेय."

"शंका म्हणून ठेवू या का?" त्याने विचारलं.

"नको."

शोधनिबंध छापून आला. तिचं आधीचं सगळं लेखन लग्नानंतरच्या नावाने होतं, म्हणून याही वेळी तिने तेच ठेवलं. दोन नावं, एकच आडनाव.

नव्याने रुजू झालेल्या सहकाऱ्याने जिन्यात गाठून तिचा हात हातात घेतला. "अभिनंदन! घरी साहेबांनाही सांगा हं."

"सांगते," ती म्हणाली, आणि उरलेल्या पायऱ्या कठड्याला धरून उतरली.