केरूची साक्ष

केरू पहिल्यांदा सखारामभाऊंची गाडी चालवायला बसला, तेव्हा भाऊ नुसते पंचायत समितीचे सदस्य होते आणि गाडी म्हणजे चढणीला धापा टाकणारी जुनी जीप. पुढे भाऊ आमदार झाले, मंत्री झाले, पांढरी अँबॅसिडर आली. ड्रायव्हर मात्र केरूच राहिला. त्याच्या बहिणीच्या लग्नात भाऊंनी स्वतः पंगतीत वाढलं होतं. लांज्यात त्यामुळे केरूचा रुबाब होता.

सत्त्याऐंशी साली समुद्र खरवडून मासळी नेणाऱ्या ट्रॉलरविरुद्ध मच्छीमारांनी मांडवी बंदराचा रस्ता अडवला. लाठ्या चालल्या, माणसं धरली गेली. त्यातला, सगळ्यांच्या पुढे होऊन बोलणारा अली तांडेल चौकीतून बाहेर आला तो चादरीत गुंडाळून. त्याला फीट आली, असं पोलीस म्हणाले. अलीची बायको हफीजा काही गप्प बसली नाही. दारोदार फिरून तिने शेवटी सरकारला चौकशी बसवायला लावली, आणि त्या दिवशी भाऊंची गाडी चौकीसमोर उभी होती म्हणून केरूला साक्षीचं बोलावणं आलं.

तेव्हापासून त्याला घास उतरेना. गाडीची लख्ख काच तो पुन्हा पुन्हा पुसत बसे.

"अवो, झालंय तरी काय तुम्हाला?" त्याच्या बायकोने, विमलाने विचारलं.

"काय न्हाय."

साक्षीच्या आदल्या दिवशी भाऊ मागे न बसता पुढे, त्याच्या शेजारी येऊन बसले.

"केरू, उद्या तुला काय विचारतील?"

"त्या दिवशी काय ऐकलं, ते."

"मग काय ऐकलंस तू?"

वळण आलं. केरूने गिअर बदलला. "इंजिन चालू होतं, भाऊ."

भाऊ हसले. त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "शहाणा आहेस."

दुसऱ्या दिवशी केरू साक्षीला उभा राहिला तेव्हा हफीजा समोरच्या बाकावर होती. भाऊंच्या वकिलाने विचारलं, "गाडीचं इंजिन चालू होतं ना?"

"व्हय."

वकील खाली बसू लागला.

"पण मी ऐकलं," केरू म्हणाला. "भाऊ खिडकीतून फौजदाराला म्हणाले, त्या अलीला परत बोलता येणार नाही असं करा. पुढचं मी बघतो."

बाहेर आल्यावर हफीजाने त्याला गाठलं. आभार मानेल, असं त्याला वाटलं होतं.

"भाई, तेव्हाच का नाही बोललास? तेव्हा तो जिवंत होता."

उत्तरासाठी ती थांबली नाही.

चौकशीत आरोप सिद्ध झाला नाही. फौजदाराची बदली झाली, भाऊंचं खातं बदललं. केरूची नोकरी गेली. तो चिऱ्यांचा ट्रक चालवू लागला. लांज्यात कोणी त्याला हाक मारीना. हल्ली दोन घास जेवता तरी, असं विमला म्हणते. जेवतो तो. पण मांडवीचं भाडं आलं की दुसऱ्या ड्रायव्हरला पाठवतो.