डाव्या कोपऱ्यातली उडी

राक्षस म्हणून पोट भरायचं तर चेहरा भयानक हवा, आणि तो कुरामोची तेत्सुजीला जन्मतःच फुकट मिळाला होता. बाकीच्या गोष्टींची किंमत मात्र त्याने अठरा वर्षं कुस्तीच्या रिंगमध्ये चुकती केली: तीन दात, उजव्या गुडघ्याची वाटी, करंगळीचं एक पेर आणि गेल्या वसंतात डावा डोळा. पहिल्या तीन गोष्टी त्याच्या कुस्ती कंपनीला ठाऊक होत्या. डोळ्याची खबर एकट्या त्याच्या जोडीदाराला, गामोला होती.

वार्षिक तपासणीत डॉक्टर भिंतीवरच्या तक्त्यातली तुटकी वर्तुळं छडीने दाखवत आणि फट कुठे आहे ते विचारत. तक्ता दरवर्षी तोच. रांगेत पुढे उभ्या असलेल्या गामोचं ऐकून कुरामोचीने सगळं पाठ केलं, उजव्या डोळ्यावर हात ठेवला आणि घडाघडा म्हणून टाकलं. "घुबडाची नजर आहे तुमची," डॉक्टर म्हणाले. घुबडाने वाकून आभार मानले आणि बाहेर येऊन चहा कपाऐवजी टेबलावर ओतला.

गामो वयाने पन्नाशीचा, पोट सुटलेला, तोंडाने फाटका आणि मनाने राजा. सामन्यात तो कुरामोचीच्या डाव्या बाजूला राहायचा आणि ओईकावा शोता उडी घ्यायला निघाला की रिंगची कड दोनदा बडवायचा.

ती उडी म्हणजे कंपनीचं दुकान होतं. तेवीस वर्षांचा शोता रिंगच्या डाव्या कोपऱ्यात सर्वांत वरच्या दोरावर चढे, पाठ फिरवी आणि उलटी कोलांटी घेत रिंगबाहेर झेपावे. खाली मार खाऊन झिंगलेला राक्षस अगदी शेवटच्या क्षणी वळे आणि त्याला छातीवर घेई. लोकांना वाटे, सगळी करामत पोराची. पण पोराची तर पाठ असायची. म्हणजे त्या उडीला दोघांत मिळून डोळे दोनच, कुरामोचीचे, आणि त्यातलाही एक गेलेला. झेलणारा वीतभर चुकला, तर खाली दोन बोटं जाडीची चटई आणि तिच्याखाली लाकडी जमीन.

काल दौऱ्यात मियाको गावी गामोला आतड्याच्या दुखण्याने इस्पितळात नेलं. आज हाचिनोहे. शोताचं गाव.

सकाळी धक्क्यावरच्या बाजारात कुरामोची भाजलेला बांगडा खायला थांबला, तर एका टोपलीमागून आवाज आला.

"आलं का भूत! तूच ना रे माझ्या पोराच्या डोक्यात खुर्ची घालणारा?"

शोताची आई, ओईकावा तोमे. आजूबाजूच्या कोळणी हातातली कामं टाकून बघायला लागल्या.

"घालणारच," कुरामोची सवयीने गुरगुरला. "आज दोन घालीन."

"चार घाल! डोकं बापावर गेलंय त्याचं. खुर्ची मोडेल, ते नाही फुटायचं." तोमेने वाळवलेल्या माकूळ माशाचा फटका त्याच्या दंडावर हाणला. बायका खो खो हसल्या. मग गिऱ्हाईक पांगलं तशी ती पुढे झुकली आणि तिची भाषाच बदलली. "ती उलटी उडी... मी मोजते हो. सात टीव्हीवर, चार समोर बसून. अकरा झाल्या. अकराही वेळा तुमच्याच अंगावर पडलाय. त्या वेळी मी डोळे मिटून घेते." तिने तो माकूळ कागदात गुंडाळून त्याच्या हातात कोंबला. "तुम्ही नाही ना मिटत?"

"नाही," कुरामोची म्हणाला. अर्धा बांगडा त्याने तिथेच ठेवला.

सामना व्हायचा त्या व्यायामशाळेबाहेर नेहमीसारख्या दोन बस उभ्या होत्या. लाल दुष्टांची, निळी सज्जनांची. खाणावळी वेगळ्या, खोल्या वेगळ्या, लोकांना वैर खरं वाटावं म्हणून वाटेत भेटले तरी ओळख दाखवायची नाही. अठरा वर्षांत कुरामोचीने निळ्या बसच्या पायरीला पाय लावला नव्हता. आज तो सरळ तिकडे निघाला. दारात शोता उभा होता, आणि त्याच्याभोवती सह्यांचे पुठ्ठे घेतलेली पन्नास माणसं.

"शोता," तो म्हणाला, "जरा ऐक."

"राक्षस! राक्षस आला!" कोणीतरी किंचाळलं. कॅमेरे वर गेले. आणि अठरा वर्षांच्या सवयीने त्याचं तोंड आपोआप उघडलं.

"आज तुझी मान मोडतो, पोरा! आईला म्हणावं, टोपली घेऊन ये, तुकडे न्यायला!"

त्याने बसला लाथही घातली. गर्दी खूश झाली. शोताने छाती काढून दोन शिव्या हासडल्या, त्याही ठरलेल्याच. परत फिरताना कुरामोचीला आपलेच शब्द ऐकू आले.

पंचाकरवी निरोप धाडता आला असता. पण पंच कंपनीच्या मालकाचा धाकटा भाऊ, आणि त्याच्या पोटात गुपित म्हणजे चाळणीत पाणी. संध्याकाळच्या आत कुरामोची घरी बसला असता. त्रेचाळिसाव्या वर्षी, जन्मभर फक्त लोकांचा तिरस्कार कमावलेला माणूस दुसरा कोणता धंदा करणार? रिंगमध्येच सांगू, असं त्याने ठरवलं. भित्रा माणूस कामं पुढे ढकलतो आणि त्याला हिशेब म्हणतो.

तीन वाजता सामना सुरू झाला. तिसऱ्या रांगेत तोमे मांडीवर रिकामी टोपली घेऊन बसली होती. विनोद तिलाही पोचला होता तर. दहाव्या मिनिटाला कुरामोचीने शोताचं डोकं काखेत आवळलं आणि तोंड त्याच्या कानाशी नेलं.

"माझा डावा डोळा गेलाय. गामो नाहीये. उजव्या कोपऱ्यातून ये."

काखेतलं शरीर ताठ झालं.

"कधीपासून?"

"वसंतापासून."

"म्हणजे पाच उड्या एका डोळ्यावर," शोता म्हणाला. पोरगा आईवर गेला होता, त्यानेही मोजलं.

मग ठरल्याप्रमाणे त्याने कुरामोचीला दोरांवरून बाहेर फेकलं. कुरामोची पडला, धडपडत उठला, मान खाली घालून झुलत राहिला. शोता उजव्या कोपऱ्यात चढला. पाठ फिरवली. सगळं गाव उभं राहिलं.

उडी आली नाही.

कुरामोचीने नियम मोडून मान वर केली. उजव्या डोळ्याला शोताची पाठ दिसली, पण ती दोन हातांवर आहे की चार, ते कळेना. दोर मात्र स्पष्ट दिसत होता. तो थरथरत होता.

"मार उडी! मार उडी!" पायांच्या तालावर जमीन हादरू लागली. तोमेने दोन्ही हातांनी चेहरा झाकला होता.

अशा वेळी राक्षसाने काय ओरडायचं ते ठरलेलं होतं: घाबरलास का रे, दूधखुळ्या? शब्द जिभेवर आले. ते ओरडला, तर पोरगा लाजेनेच उडी मारणार, हे कुरामोची जाणून होता. त्याने ते गिळले. हात पुढे केले, मग खाली घेतले.

"उतर," तो म्हणाला. हा आवाज राक्षसाचा नव्हता. "शोता, खाली उतर."

शोता एक एक दोर उतरत खाली आला.

आधी कोणीतरी हसलं, आणि मग त्याच्याच गावाने त्याची हुर्यो उडवली. बसायच्या उश्या रिंगमध्ये येऊन पडल्या. तोमेने बोटांच्या फटीतून पाहिलं. अकरा ते अकराच. तिने टोपलीवर डोकं टेकलं.

सामना कसाबसा संपला. कुरामोची अंग पुसून बोळातून चालला होता, तेव्हा सज्जनांच्या खोलीतून मालकाचा आवाज आला.

"गावासमोर नाक कापलंस! का उतरलास?"

कुरामोची भिंतीशी थिजून उभा राहिला.

"भीती वाटली," शोता म्हणाला.

"अकरा वेळा नाही वाटली ती?"

"आज वाटली."

"उद्या मोरिओकात पहिल्या पाच मिनिटांत उडी. डाव्या कोपऱ्यातून, नेहमीसारखी. तिथे टीव्हीचे दिवे आहेत. भ्यायचं काय त्यात? खाली कुरामोची आहे. त्याच्या भरवशावर डोळे मिटून पडायचं."

"हो," शोता म्हणाला.

सौदा तसा स्वस्तात सुटला होता. पोराने भित्रेपण आपल्या नावावर घेतलं होतं, राक्षसाची नोकरी शाबूत होती. नुसतं पुढे चालत जायचं होतं, पंधरा पावलांवरच्या लाल खोलीपर्यंत. पण उद्या बारावी उडी होती, आणि ती मोजायला कोणीतरी टीव्हीसमोर बसणार होतं.

कुरामोचीने दाराच्या मुठीकडे हात नेला. मूठ तिथे नव्हती, चार बोटं पुढे होती. दुसऱ्यांदा सापडली.

आतल्या सगळ्या माना वळल्या. "तुझी खोली तिकडे आहे रे," मालक म्हणाला.

"माहीत आहे," कुरामोची म्हणाला, आणि आत येऊन त्याने दार लावून घेतलं.