मलमाच्या डब्यातला चमचा

मित्रांनो, माझी दांडी वाकडी आहे आणि मन तर त्याहून वाकडं. मी एक जुना स्टीलचा चमचा. कुणी माझ्याकडे हात पुढे केला की मी आधी नखं बघतो, मग बाही बघतो, मग चेहरा. एवढा संशय बरा नव्हे, असं तुम्ही म्हणाल. पण माझी हकीकत तर ऐका.

कारखान्यात मला पत्र्यातून कापलं, ठोकलं, घासून चकचकीत केलं आणि भावंडांबरोबर एका खोक्यात भरलं. या घरात आलो तेव्हा माझा थाट होता. साखरेच्या डब्याजवळची जागा माझी. पण घरातले बाबा पडले रंगारी. लोकांच्या भिंती रंगवतात. एकदा घाईत त्यांनी रंगाच्या डब्याचं झाकण माझ्याच दांडीनं उचकटलं. झाकण निघालं आणि मी कायमचा वाकलो. ड्रॉवरच्या तळाशी माझी रवानगी झाली. तेव्हापासून त्या माणसावर माझं बारीक लक्ष आहे.

माझे दिवस पालटले ते बिट्टीमुळे. बिट्टी म्हणजे या घरातली लेक, नुकतीच शाळेत जायला लागलेली. तिला इसब आहे, एक्झिमा म्हणतात तो. कोपरांच्या आतल्या बाजूला आणि गुडघ्यांच्या मागे लाल चट्टे, आणि खाज अशी की पोर झोपेतही ओरबाडायची. डॉक्टरीणबाईंनी दोन औषधं दिली. एक मोठा डबा, त्यात साधं, बिनवासाचं, घट्ट मलम. अंघोळ कोमट पाण्यानं आटोपती घ्यायची, अंग टिपायचं आणि ते लगेच सगळीकडे भरपूर लावायचं. दुसरी एक छोटी ट्यूब. ती फक्त लाल चट्ट्यांवर, पातळ थरानं, सांगितलेले दिवसच.

"डब्यात बोटं घालू नका," बाईंनी बजावलं होतं. "बोटांवरचे जंतू आत जातात. स्वच्छ, कोरड्या चमच्यानं काढत जा."

आईनं ड्रॉवर उघडला आणि मला उचललं. माझी वाकडी दांडी डब्याच्या काठावर झकास अडकते, हे तिच्या लक्षात आलं. मित्रांनो, ज्या व्यंगापायी हाकलला गेलो, त्याच व्यंगापायी मला मान मिळाला. मला किती आनंद झाला म्हणून सांगू!

पण सुख फार टिकलं नाही. शेजारच्या काकू डोकावल्या, त्यांनी ट्यूब उलटसुलट करून पाहिली आणि डोळे मोठे केले. "अगंबाई, यात स्टिरॉइड आहे! कातडी पातळ होते म्हणे यानं. लहान पोर आहे, जपून बाई." एवढं बोलून काकू निघून गेल्या, आणि घरात संशय मागे राहिला. आई ट्यूबकडे तिरक्या नजरेनं बघू लागली. बाबा तर तिला हात लागला की लगेच अंगठा पुसून घेत. मलाही ती ट्यूब आवडेना. एवढीशी, आणि माझ्याच फळीवर उभी राहून तोरा दाखवते!

कामाची वाटणी अशी होती. सकाळी आई डब्यातलं मलम अंगभर लावायची आणि कामावर जायची. संध्याकाळी चट्ट्यांवर ट्यूब लावायचं काम बाबांचं. आता रंगारी माणूस तो. कुठलीही दाट, जालीम वस्तू दिसली की त्यात काहीतरी घालून ती पातळ करायची, हा त्यांच्या हाताचा गुणच. एका दुपारी घरात ते आणि बिट्टीचा लाडका बोका दोघेच होते. बाबांनी ट्यूब दाबून डब्यात रिकामी करायला सुरुवात केली.

"असं नुसतं नको लावायला," ते बोक्याला म्हणाले. "कालवलं की जरा सौम्य होईल, काय?"

बोका डोळे मिटून बसला. आणि कालवायला मीच होतो. रंग ढवळावा तसं त्यांनी मला त्या मलमात गरगर फिरवलं. मला ते मुळीच पटलं नाही, पण चमच्याला विचारतो कोण?

पुढच्या आठवड्यांत चट्टे काही हटेनात. ट्यूब तर संपत होती. तेव्हा आईनं एकेकाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं. वासाचा साबण गेला. लोकरीचा स्वेटर गेला. ते ठीकच झालं. मग कुणाला न विचारता अंडं बंद, दूध बंद. बिट्टीचा चेहरा उतरला. शेवटी आईची नजर बोक्यावर गेली. त्याला आपल्या घरी न्यायला बिट्टीची मावशी टोपली घेऊन आली, तशी बिट्टी दार अडवून उभी राहिली. दोन्ही हात तिनं पाठीमागे घट्ट धरले होते.

"मी नाही खाजवणार. खरंच नाही खाजवणार. त्याला नको ना नेऊ!"

बोका गेला. मला त्याचा संशय होताच, पण त्या दिवशी मलाही वाईट वाटलं.

बिट्टीच्या पापण्या कोरड्या दिसू लागल्या, म्हणून आई तिथंही डब्यातलंच मलम लावू लागली. साधंच तर आहे, असं तिला वाटत होतं. मी आतून सगळं बघत होतो आणि धास्तावलो होतो.

पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी घरात लागतं ते सगळं पिशवीतून आणायला सांगितलं. मीही गेलो. बाई बाबांना म्हणाल्या, "संध्याकाळी कसं लावता, दाखवा बरं."

बाबांनी मला उचललं आणि डब्यात घातलं.

"आणि ट्यूब?"

बाबा मग खाली बघत म्हणाले, "ती... ह्यातच आहे. मीच कालवली. भीती वाटली हो."

"अहो, मी ते पापण्यांना लावतेय!" आईचा आवाज चिरकला.

बाईंनी पापण्या आणि डोळे नीट तपासले. "काही बिघडलेलं दिसत नाही. पण कालवल्यानं औषध सौम्य झालं नाही. हवं तिथं कमी पडलं आणि नको तिथं रोज गेलं. चट्ट्यांवर नेमकं, थोडे दिवस लावलं तर भिण्यासारखं नाही. आणि खाणं मला विचारल्याशिवाय बंद करायचं नाही. आधी उपचार नीट होऊ देत, बोक्याचं मग बघू." बोलता बोलता त्यांचं लक्ष बाबांच्या खिशातल्या हाताकडे गेलं. "बघू तो हात."

हात भेगाळलेला होता. "हात कशानं धुता?"

"थिनरनं. त्याशिवाय रंग निघत नाही."

"हेही इसबच आहे. थिनर बंद, कामाला हातमोजे, आणि हे मलम तुम्हालाही."

घरी नवा डबा आला. बाबा पुढे झाले, तशी बिट्टीनं हात पाठीमागे नेले. "यात काय कालवलंय?"

 बाबांनी तो बंद डबा तिच्या मांडीवर ठेवला. "तूच फोड."

तिनं सील फोडलं, वास घेतला, आत निरखून पाहिलं. मग मला त्यांच्या हातात दिलं. "आधी तुझ्या हातांना लाव, बाबा."

चट्टे निवले. बोका परत आला, पण त्यानं चट्टे काही वाढले नाहीत. मित्रांनो, औषधाची भीती वाटली तर वाटू द्या, पण ती डॉक्टरांपुढे बोला, डब्यात कालवू नका. आणि मला धुऊन, पुसून ठेवा. खाज अजून मधूनमधून परत येते, तेव्हा लहान ट्यूब पुन्हा फळीवर उभी राहते, आणि आता मी तिला जागा देतो.

नवा डबा मात्र दर वेळी बिट्टीच फोडते. आधी वास घेते, मग बाबांकडे बघते. बाबा ती मला पुढे करेपर्यंत हात पसरून थांबतात.