थोरलीचा झगा

थोरल्या लेकीचा लग्नाचा झगा धाकटीच्या मापाचा करायचा म्हणून शिवणवाली सकाळपासून मशीनपाशी बसली होती. बाजूच्या शिलाया आत घेतल्या, कंबर घेतली, तरी खांदे काही बसेनात. तेरा वर्षांच्या पोरीला खांदे असतात कुठं? धाकटी हात पसरून उभी होती आणि टाचणी टोचली की हसत होती.

"आई, नव्या तंबूत शेगडी वेगळी असते ना? मग मी आजीला रोज गरम पाणी देईन."

"हलू नकोस," शिवणवाली म्हणाली.

छावणीतल्या प्रत्येक नवरीचा झगा याच मशीनखालून जायचा. गावावर बॉम्ब पडले तेव्हा लोकांनी दागिने उचलले आणि हिनं हातमशीन डोक्यावर घेतलं. तेव्हा हसणाऱ्यांच्याच पोरींचे झगे आता ती शिवत होती. गावात पोरगी विशीला टेकेपर्यंत तिच्या लग्नाचं कुणी नाव काढत नसे. हे खूळ इथं आल्यावर लागलं, आणि लावलं ते मदत करणाऱ्यांनीच, अगदी चांगल्या मनानं. नव्या जोडप्याला वेगळा तंबू, शेगडी आणि जाड पांघरुणं, असा नियम होता. एका तंबूत घरभर माणसं कोंबून हिवाळा काढणाऱ्या बापाला त्या नियमाचा अर्थ कळायला कितीसा वेळ लागणार? पोर उजवली की एक माणूस कमी, आणि तिच्या तंबूत म्हातारीचीही सोय.

थोरली अशीच उजवली होती. वर्षाच्या आत दवाखान्यात बाळंत होताना गेली, बाळही गेलं. तिचा तंबू लगेच दुसऱ्या जोडप्याला दिला. झगा तेवढा परत आला.

नवरा आत आला. पूर्वी तो बस चालवायचा, आता दिवसभर खोकायचा. "पाण्याचा टँकरवाला लग्नाला तयार आहे. परवा चालेल म्हणाला."

"थोरलीच्या वेळीही तुम्ही असंच येऊन सांगितलंत."

"मग काय करू, तूच सांग. आईला थंडी सोसत नाही. शेजारचं तान्हं गारठून गेलं ते पाहिलंस ना? एकीपायी सगळ्यांना मारू?" त्याचा आवाज चिरकला. तो वाईट माणूस नव्हता, हेच तर दुखणं होतं. वाईट माणसाशी निदान भांडता येतं.

"माझ्या नावावर पोरीला आगीत ढकलू नका रे," कोपऱ्यातून सासू म्हणाली. "मी काय, पिकलं पान." पण म्हातारीचं ऐकतो कोण.

शिवणवालीनं झगा उलटा केला. खांद्यापाशी जुने टाके होते. थोरलीलाही तो मोठाच झाला होता, आणि तेव्हाही हिनंच आत घेतला होता. तिला एकदम भडभडून आलं. कात्री खाली ठेवून तिनं धाकटीचा हात धरला आणि थेट छावणीची कचेरी गाठली.

साहेब सज्जन होते. दवाखान्यातली सिस्टर औषधं मागायला आली होती, तीही तिथंच उभी होती.

"साहेब, मला वेगळा तंबू द्या. मी नवऱ्याला सोडलं."

"अहो, भांडण झालं का?"

"भांडण कसलं? चांगला आहे तो. पण लग्न झालं की एका घराची दोन घरं होतात म्हणून तुम्ही तंबू देता. लग्न मोडलं तरी दोनच होतात. मी आणि ही एकीकडे, बाकीचे दुसरीकडे. सगळ्यांना पाय पसरता येतील."

साहेबांनी चष्मा पुसला. "तसा नियम नाही, बाई. उद्या सगळ्याच नवरे सोडायला लागल्या तर?"

"सगळे पोरी उजवायला लागले, तेव्हा नाही विचारलंत."

"ते तुमचे रीतिरिवाज. आम्ही त्यात पडत नाही."

"आमच्या गावात नव्हती ही रीत, साहेब. ती तुमच्या तंबूंबरोबर आली."

थोरलीचं रक्त थांबवायला धडपडली होती ती हीच सिस्टर. ती म्हणाली, "चला. औषधांच्या खोलीत खोके सरकवले की दोन अंथरुणं मावतील."

"सिस्टर, हे नियमात बसत नाही."

"मग काढा मला. का काढलंत ते वर मीच कळवते, थोरलीपासून सगळं."

संध्याकाळी नवरा दवाखान्याच्या दाराशी आला. डोक्यावर मशीन होतं, त्यावर थोरलीचा झगा गुंडाळलेला. ते खाली ठेवून तो बराच वेळ खोकला. "याच्याशिवाय करणार काय तू," म्हणाला, धाकटीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पलीकडच्या ओळीतली एक बाई शिवणवालीला शोधत आली. हातात झगा, मागं मुलगी, धाकटीपेक्षाही बुटकी.

"उद्याच आहे," बाई म्हणाली. "टँकरवालाच. तुमचं मोडलं म्हणून आमच्याकडे आला. खांदे जरा आत घेऊन दे."

शिवणवालीनं थोरलीचा झगा काढून बाईच्या पुढ्यात उलटा पसरला. "हे टाके बघ. हा घातला तिचं काय झालं ते आधी ऐक."

"ठाऊक आहे मला. सगळ्यांनाच ठाऊक आहे." बाईनं मान वर केली नाही. "तुला सिस्टरची खोली मिळाली. मला कोण देणार?"

खोलीत आता पाय ठेवायलाही जागा नव्हती.

शिवणवालीनं मशीन उचलून दाराबाहेर ठेवलं आणि खोके आणखी सरकवायला घेतले.