हाताची घडी, तोंडावर बोट

मी कोपरखैरण्याला बालवाडीत मदतनीस आहे. तीस पोरं एकदम कालवा करतात, तेव्हा मी दारातूनच ओरडते, "हाताची घडी, तोंडावर बोट!" की सगळी चिडीचूप. ह्या कामात माझा हात कुणी धरणार नाही, असा माझा तोरा होता.

राजलक्ष्मी माझी एकुलती एक, सहा वर्षांची. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. कुकरची शिट्टी झाली तरी दचकायची नाही, तर सासूबाई म्हणायच्या, गुणाची आहे पोर. कसली गुणाची! आम्हाला कळायलाच दोन वर्षं गेली. मग दोन्ही कानांत ऐकायची मशिनं आली, थेरपी सुरू झाली. थेरपीच्या ताई म्हणाल्या, "मशीन दिवसभर कानात राहू दे, आणि काही हवं असलं तर तोंडानं मागू दे." एवढंच म्हणाल्या त्या. पुढचं सगळं डोकं माझं.

मला एकच हवं होतं. तिनं मला "आई" म्हणावं, एकदा तरी. शेजारची पोरं दिवसभर "आई, आई" करतात आणि त्यांच्या आया वैतागतात. असा राग यायचा मला त्या बायांचा, काय सांगू!

मग काय, राजीनं काही मागायला हात उचलला की मी समोर उभी. स्वतः घडी घालून, तोंडावर बोट ठेवून दाखवायचे. तिनं तसं केलं की मग दुधाचा पेला पुढं धरायचे. "म्हण, आ-ई." ती "आ" करायची. पुढं काही नाही. दूध निवून जायचं.

तिचे बाबा वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी. दुपारी घरी आले की बापलेकीचं हातानं सुरू. राजी स्वतःच्या खांद्यावर थाप मारायची, म्हणजे बाबा. गोण्या खांद्यावर असतात ना त्यांच्या. चपातीला एक खूण, पाण्याला एक, जिन्याखालच्या मांजरीलासुद्धा एक. मी खवळायचे.

"तुमच्या लाडानं पोरगी जन्माची मुकी राहील!"

"अगं, बोलतीया की ती."

"कुठं? मला तर काही ऐकू येत नाही."

असं मीच म्हणायचे, बघा.

गेल्या महिन्यात ती सारखी डावं मशीन ओढायला लागली. मला वाटलं, नखरे. मी परत घालायचे आणि घडी करून दाखवायचे. तिसऱ्या दिवशी तिला बालवाडीत घेऊन गेले. सगळा वेळ घडी घालून बसली, डोळ्यांतून पाणी येत होतं तरी हलली नाही. "बघा कशी शहाण्यासारखी बसलीय," मी बाईंना सांगितलं. वर अभिमानानं सांगितलं!

दुपारी ह्यांनी तिचं मशीन काढलं, तर कानातून पू आला. तसेच उठून दवाखान्यात गेलो. मशीनचा जो साचा कानात बसतो, त्याच्याखाली मोठा फोड झाला होता.

डॉक्टर म्हणाले, "तीन-चार दिवसांचं दुखणं आहे हे. सांगितलं नाही का तिनं?"

"तिला बोलता येत नाही," मी म्हटलं.

राजी ह्यांच्या मांडीवर होती. डॉक्टरांनी कान साफ करायला घेतला तशी ती ताठ झाली. तोंडातून आवाज नाही. माझ्याकडं बघितलं, एक हात घडीत दुमडला आणि दुसऱ्याचं बोट ओठांवर ठेवलं. काढलं, परत ठेवलं.

"नको गं बाळा, आत्ता नको घडी. रड, ओरड!" मी ह्यांना म्हटलं, "बघा ना, किती भेदरलीय मला."

"भेदरली नाय," हे हळूच म्हणाले. "तुला हाक मारतीया. ते तुजं नाव हाय."

"म्हणजे?"

"मी खांदा, तू घडी. दोन वरसं झाली. तू घरात दिसली नाय की मला असंच करून इचारती, आई कुठाय." मग खाली बघून म्हणाले, "कोणत्या तोंडानं सांगू तुला?"

डॉक्टरांनी परत कापूस आत घातला. परत तिचं बोट ओठांवर आलं, डोळे माझ्यावर. आपल्याला ठेच लागली तर तोंडातून काय निघतं? आई गं. पोर तेच म्हणत होती. दोन वर्षं हाका मारत होती, आणि मी एकदाही ओ दिली नव्हती.

मला हुंदका आवरेना. मी तिच्यासमोर खाली बसले. माझे दोन्ही हात मोकळे होते, पण त्यांचं काय करायचं ते मला ठाऊक नव्हतं.

"अहो," मी म्हटलं, "हातानं ओ कशी द्यायची?"